पत्त्यांच्या वहीचे उपसर्ग

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घराची पत्त्यांची वही कोणा एकट्याची नसते. कुलोपाध्याय आणि डॉक्टर, नळ दुरुस्त करणारा आणि गॅसवाला, नागपूरची आत्या आणि कॅलिफोर्नियांतील पुतण्या हे सारे तींत शेजारीं शेजारीं बसलेले असतात. पूर्वीं ही वही फळीवर पडलेली असे. तिचे कोपरे दुमडत, पानें सुटत, पण तिच्यांतील अक्षर घरांतील कोणालाहि वाचतां येई. आतां ती बहुतेक घरांतून संगणकांत आणि फोनमध्यें गेली आहे. तेथें तिचे गुण वाढले हें खरें. परंतु तिला कांहीं नवीं दुखणींहि जडलीं आहेत. त्यांपैकीं एका दुखण्याचा, म्हणजे पत्त्यांच्या प्रोग्रामला जोडल्या जाणाऱ्या पुरवण्यांचा, विचार या लेखांत करावयाचा आहे.

इंग्रजींत ज्याला ॲड-ऑन म्हणतात, त्यालाच आपण पुरवणी म्हणूं. मूळ प्रोग्राममध्यें नसलेली एखादी सोय ती करून देते. कोणी वाढदिवसांची आठवण देते, कोणी एकाच माणसाच्या दोन नोंदी जुळविते, कोणी घरच्या वहीची फोनमधील वहीशीं गांठ घालते. परीक्षेंतील पुरवणी दोऱ्यानें बांधली तरी मूळ उत्तरपत्रिकेंतील मजकुरास हात लावीत नाहीं. संगणकांतील पुरवणीचें तसें नाहीं. तिचें खरें साम्य व्याकरणांतील उपसर्गाशीं आहे. ‘हृ’ हा धातु एकच. पण त्याला ‘आ’ लागला म्हणजे आहार होतो, ‘वि’ लागला म्हणजे विहार, ‘परि’ लागला म्हणजे परिहार, आणि ‘सम्’ लागला म्हणजे संहार. उपसर्गास एकट्यानें उभें राहतां येत नाहीं, परंतु धातूला चिकटल्यावर आहार करावयाचा कीं संहार हें तोच ठरवितो. मराठींत तर उपसर्ग या शब्दाचा दुसरा अर्थ त्रास असाच आहे. पत्त्यांच्या वहीला पुरवणी जोडणाऱ्यानें हे दोन्ही अर्थ ध्यानांत ठेवावे.

सर्वच प्रोग्रामांविषयीं मोघम लिहिण्यापेक्षां एक उदाहरण घेऊं. थंडरबर्ड हा मोझिलाच्या परिवारांतील, विनामूल्य मिळणारा ई-पत्रव्यवहाराचा प्रोग्राम आहे. त्याची १.० ही आवृत्ति डिसेंबर २००४ मध्यें निघाली. त्यांत पत्त्यांची वही मूळचीच आहे, आणि त्या वहीच्या कामासाठीं जोडली जाणारी एक सुपरिचित पुरवणी म्हणजे कार्डबुक. ही पुरवणी ज्या दोन गोष्टींवर उभी आहे त्या प्रथम समजून घेतल्या पाहिजेत. पहिली व्हीकार्ड. माणसाचें नांव, पत्ता, दूरध्वनि इत्यादि कोणत्या क्रमानें व कोणत्या खुणांनीं लिहावें याचा हा सर्वमान्य सांचा आहे. ॲपल, ए-टी-अँड-टी, आय-बी-एम व सीमेन्स या कंपन्यांच्या व्हर्सिट नांवाच्या मंडळानें तो १९९५ सालीं पुढें मांडला. त्याची चौथी आवृत्ति २०११ मध्यें प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरी गोष्ट कार्डडॅव्ह. वही दूरच्या सर्व्हरवर ठेवून घरांतील अनेक संगणकांनीं व फोनांनीं तीच एक वही वापरावी, अशी ही रीत आहे, आणि तिचेंहि प्रमाण २०११ चेंच आहे.

पुरवणी जोडण्यापूर्वीं पहिला प्रश्न असा विचारावा कीं तिची गरज आहे काय? मूळ प्रोग्राम वर्षानुवर्षें वाढत असतो, आणि काल ज्यासाठीं पुरवणी लागत असे तें आज त्याच्या पोटांतच असतें. थंडरबर्डचें पंचांग, म्हणजे लाइटनिंग, ही एके काळीं पुरवणीच होती. पुढें ती मूळ प्रोग्रामचाच भाग झाली. कार्डडॅव्हची सोय ऑगस्ट २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डमध्यें मूळचीच आहे, आणि २०२२ च्या १०२ व्या आवृत्तींत पत्त्यांची वही नव्यानें बांधून तिला व्हीकार्डचा आधार देण्यांत आला. ज्यांना घरची वही केवळ फोनशीं जुळवावयाची आहे, त्यांचें काम पुष्कळ वेळां पुरवणीवांचून होतें. वैद्यानें जितकीं औषधें कमी दिलीं तितकें बरें, हा न्याय येथेंहि लागू आहे.

गरज ठरली तर दुसरें पाऊल जोडण्याचें नव्हे, तर प्रत काढून ठेवण्याचें. ही प्रत दोन प्रकारची असावी. एक, थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याच्या ‘प्रोफाइल’ नांवाच्या फोल्डरची जशीच्या तशी नक्कल. हा फोल्डर कोठें आहे हें ‘हेल्प’ या यादींतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’च्या पानावर दिसतें. दुसरी, वहींतून ‘एक्सपोर्ट’ करून काढलेली व्हीकार्डची फाइल. पहिली प्रत थंडरबर्डलाच कळते. दुसरी कोणत्याहि प्रोग्रामला आणि बहुतेक सर्व फोनांना कळते. दोहोंचा उपयोग निराळा आहे, म्हणून दोन्ही हव्या.

आतां जोडण्याची रीत. थंडरबर्डच्या ‘टूल्स’ या यादींत ‘ॲड-ऑन्स अँड थीम्स’ म्हणून एक पान उघडतें. तेथील शोधाच्या चौकटींत नांव लिहून पुरवणी अधिकृत भांडारांतूनच घ्यावी. कोणी व्हॉट्सॲपवर पाठविलेली फाइल घेऊं नये. पुरवणीची फाइल ‘एक्स-पी-आय’ या प्रत्ययाची असते. पुष्कळांची पहिली अडचण येथेंच होते. भांडाराचें पान फायरफॉक्समध्यें उघडून तेथील दुव्यावर टिचकी मारली, तर फायरफॉक्स ती पुरवणी स्वतःलाच जोडूं पाहतो, आणि जमत नाहीं म्हणून फाइल बिघडली असल्याची किंवा जुळत नसल्याची तक्रार करतो. फाइल बिघडलेली नसते. ती चुकीच्या दारीं गेलेली असते. दुव्यावर उजवी टिचकी मारून ती आधीं संगणकावर जतन करावी, आणि मग थंडरबर्डच्या त्याच पानावरील दंतचक्राच्या चिन्हांतून ‘इन्स्टॉल ॲड-ऑन फ्रॉम फाइल’ हा पर्याय घ्यावा.

जोडण्याच्या क्षणीं प्रोग्राम अनुज्ञा विचारतो. ती वाचल्यावांचून ‘होय’ म्हणण्याची संवय फार वाईट. पत्त्यांची वही वाचण्याची व बदलण्याची अनुज्ञा अशा पुरवणीला लागणारच. परंतु कांहीं पुरवण्या थंडरबर्डवर व संगणकावर अनिर्बंध अधिकार मागतात. असा अधिकार मागणें म्हणजे लबाडीच असें नव्हे. कांहीं कामें त्यावांचून होत नाहींत. तथापि तो कोणास देतों हें घरांतील कर्त्या माणसानें समजून द्यावा. आपल्या वहींत ज्यांचीं नांवें आहेत त्यांनीं आपला पत्ता व दूरध्वनि आपणांस विश्वासानें दिलेला असतो. वहीचें दार त्यांच्या वतीनें आपण उघडत असतों, ही गोष्ट शिष्टाचाराची आहे.

आतां समजा, घरांत मुंज ठरली आहे, निमंत्रणें धाडावयाचीं आहेत, आणि सकाळीं पाहतां पुरवणीची वही दिसत नाहीं. अशा वेळीं हातून पहिली चूक होते ती घाईची. कोणीतरी पुरवणी काढून टाकतो व पुन्हां जोडतो. पुरवणी नुसती बंद करणें आणि काढून टाकणें यांत मोठा भेद आहे. बंद केली तर तिच्या नोंदी शाबूत राहतात; काढून टाकली तर तिच्याबरोबर तिच्या भांडारांतील नोंदीहि जाऊं शकतात. कार्डबुक आपली वही थंडरबर्डच्या मूळ वहीहून निराळी ठेवतें, हेंहि येथें लक्षांत घ्यावें. एका वहींत नांव नाहीं म्हणून तें नष्ट झालें असें होत नाहीं. तें दुसऱ्या वहींत असूं शकतें. म्हणून प्रथम दोन्ही वह्या पाहाव्या.

पुरवणी एकाएकीं बंद पडण्याचें नेहमींचें कारण म्हणजे मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ति. प्रत्येक पुरवणी कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल याची मर्यादा तिचा कर्ता लिहून ठेवूं शकतो. थंडरबर्ड त्या मर्यादेच्या पुढें गेला कीं पुरवणी आपोआप निष्क्रिय होते. २०२० च्या ७८ व्या आवृत्तींत तर जुन्या पद्धतीच्या सर्वच पुरवण्यांना दार बंद झालें, आणि ज्यांच्या कर्त्यांनीं त्या नव्यानें लिहिल्या नाहींत त्या कायमच्या मागें राहिल्या. २०२५ पासून थंडरबर्डची दरमहा निघणारी आवृत्तिहि सर्वसाधारण वापरासाठीं दिली जाऊं लागली. ज्यांची भिस्त पुरवण्यांवर आहे त्यांनीं दीर्घकाळ टिकणारी, ‘ई-एस-आर’ या नांवाची, आवृत्ति घ्यावी हें बरें. तींत मोठे बदल वर्षांतून साधारण एकदांच होतात.

दुसरा दोष देवनागरीचा, आणि तो मराठी घरांस विशेष जाचतो. अनेक अँड्रॉइड फोन वही बाहेर काढतांना व्हीकार्डची जुनी २.१ ही आवृत्ति वापरतात. तींत देवनागरी नांव सरळ न लिहितां आंकड्यांच्या व रोमन अक्षरांच्या सांकेतिक माळेनें लिहितात. ‘गोदावरी’ या नांवांत काना, मात्रा, वेलांटी धरून सात चिन्हें आहेत. संगणकाच्या यू-टी-एफ-८ या पद्धतींत प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१; आणि त्यांतील प्रत्येक बाइट बरोबरचें चिन्ह व दोन अक्षरें अशा तीन खुणांनीं लिहिला जातो. अशी ६३ खुणांची माळ पाहून गोदावरीकाकूंचें नांव पुसलें गेलें असें वाटतें. तें पुसलेलें नाहीं. वाचणाऱ्या प्रोग्रामला ती लिपि उकलली नाहीं इतकेंच. दुसऱ्या प्रोग्रामांतून तीच फाइल उघडून पाहावी. याउलट नांवाच्या जागीं नुसतीं प्रश्नचिन्हें दिसत असतील तर सावध व्हावें. एक्सेलमधून साधी सी-एस-व्ही फाइल काढतांना असें होतें. ती फाइल जतन झाली कीं तिच्यांतील अक्षरें खरोखरच गेलेलीं असतात, आणि मूळ तक्त्याकडेच परतावें लागतें. म्हणून एक्सेलमध्यें ‘सी-एस-व्ही यू-टी-एफ-८’ हाच प्रकार निवडावा.

प्रोग्राम मंद चालणें, मध्येंच अडकणें, पत्ता लिहूं लागतां नांव न सुचणें असे दोष कोणत्या पुरवणीचे हें वरून कळत नाहीं. येथें आपल्या तर्कशास्त्रांतील अन्वय आणि व्यतिरेक या दोन कसोट्या कामीं येतात. धूर आहे तेथें अग्नि आहे, हा अन्वय. अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं, हा व्यतिरेक. थंडरबर्डच्या ‘हेल्प’ या यादींत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यांत प्रोग्राम सर्व पुरवण्यांवांचून सुरू होतो. तेव्हांहि दोष राहिला तर बिचाऱ्या पुरवण्या निर्दोष आहेत, कारण अन्यत्र शोधावें. दोष गेला तर त्यांच्यांतील कोणी तरी दोषी आहे. मग अर्ध्या बंद कराव्या व अर्ध्या चालू ठेवाव्या. दोष ज्या अर्ध्यांत सांपडेल त्यांचे पुन्हां दोन भाग करावे. या रीतीनें आठ पुरवण्यांतील एक दोषी तीन फेऱ्यांत हातीं लागते. दोन पुरवण्यांचें आपसांत वैर असेल तर मात्र त्यांना एकत्र चालवूनच पाहावें लागतें.

येथें बहुतेक लोक व्यतिरेकावरच थांबतात. पुरवणी बंद केली, दोष गेला, निकाल लागला! परंतु मधल्या काळांत इंटरनेट सुधारलें असेल, सर्व्हर पुन्हां चालू झाला असेल. म्हणून तीच पुरवणी पुन्हां चालू करून दोष परत येतो कीं नाहीं हें पाहावें. परत आला तरच आरोप सिद्ध झाला. एका वेळीं एकच बदल करावा, आणि तो कागदावर टिपून ठेवावा.

फोनशीं जुळवणी करतांना आणखी एक सावधगिरी घ्यावी. कार्डडॅव्हची वही सर्वांची एकच असल्यामुळें येथें पुसलेलें नांव सर्वत्र पुसलें जातें. म्हणून आरंभीं ती ‘रीड-ओन्ली’, म्हणजे केवळ वाचण्यासाठीं, जोडावी. मग लिहिण्याची मोकळीक देऊन एकच खोटी नोंद करावी. ती फोनवर पोंचते काय, बदलतां येते काय, पुसतां येते काय हें पाहावें, आणि मगच घरच्या मंडळीस वापरूं द्यावी. वही गूगलच्या खात्यांत असेल तर तेथें मागील ३० दिवसांपर्यंतचे बदल उलटवितां येतात. ही सोय घरांत सर्वांस ठाऊक असावी.

या साऱ्या खटाटोपाचें प्रयोजन काय, तर वही घराच्या हातीं राहावी. पुरवणी एखाद्या दूरच्या माणसानें फावल्या वेळीं लिहिलेली असते. तो थकला कीं ती थांबते. व्हीकार्डची फाइल मात्र कोणत्याहि पुरवणीची मिंधी नाहीं. घरांतील वडील माणूस गेल्यावर कोणाकोणाला कळवावयाचें हा प्रश्न मध्यरात्रीं उभा राहतो, आणि तेव्हां पुरवणी जुळत नाहीं हें कारण कोणाच्याहि उपयोगीं पडत नाहीं. म्हणून दरवर्षीं दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते त्या दिवशीं वहीची व्हीकार्ड-प्रत नव्यानें काढावी, एक पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि मुख्य नांवांचा कागद छापून घरांत ठेवावा. वही उघडण्याचा परवलीचा शब्दहि घरांतील आणखी एका माणसास, शक्य तर एखाद्या सुनेस किंवा नातवास, सांगून ठेवावा.