उन्हातली एकट्याची राइड आणि पाणी

मे महिन्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर बाइकवर घाम जाणवतच नाही, वारा तो लगेच वाळवतो. टेंभुर्णीला जॅकेट काढलं, तर काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे! तेव्हापासून पाठीवर दोन लिटरची नळीवाली पाण्याची पिशवी असते. तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट.

नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या बाटलीत नको. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

पारा चाळिशीपार असताना जॅकेट काढून चालवू नका, गरम वारा अंग आणखी तापवतो. डोकं जड झालं, लघवी गडद पिवळी दिसली, तर गाडी सावलीत लावाच. एकटे असताना सावरायला मागे कुणी नसतं.