गारठ्याची किंमत

पौषातला जो गारठा लातूरच्या हरभऱ्याला मानवतो, तोच नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे उन्हाळी भाताच्या रोपांना बाधतो. रात्रीचा पारा १० अंशांकडे उतरला की उगवण रेंगाळते, मुळांची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात. रोपे जगली म्हणजे नुकसान टळले, हा समज भाबडा होय. लावणी लांबली की फुलोरा एप्रिलच्या उन्हात सापडतो. ३५ अंशांपुढे दाणे पोचट राहतात, आणि खळ्यावर दोष मात्र उन्हाच्या माथी जातो! रात्री रोपांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालावे, सकाळी वाफ्यातील थंड पाणी काढून विहिरीचे ऊबदार पाणी द्यावे, हा उपाय सोपा आहे. परंतु शेतीपंपाची वीज रात्रपाळीचीच असेल तर ते पाणी सकाळी उपसायचे कसे?