तेल नेमके कुठून गळते?

निदान चुकले की औषध वाया जाते. वैद्याचे हे सूत्र मोटारीच्या मेस्त्रीलाही लागू आहे.

अलिबागचे माझे मेहुणे जुन्या जीपमधून रेवदंड्याची मासळी नेतात. १९४१ सालच्या लष्करी जीपमध्ये होती तशीच 'ट्रान्सफर केस' हिलाही आहे. ही पेटी एंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. तिच्यातून तेल गळे. तीनदा ऑइल सील बदलले, तरी गळती कायम! तेल संपून बेअरिंगे जळाली असती, तर धंदाच बसला असता.

अखेर एका वृद्ध मेस्त्रीने पेटी डिझेलने धुतली, कोरडी करून खडूची पूड फासली आणि गाडी फिरवून आणली. वाऱ्याने तेल मागे पसरते. म्हणून त्याने सर्वांत वरचा, पुढचा ओला डाग शोधला. तो सीलापाशीच होता. सील ज्या फिरत्या भागावर टेकते त्यावर नख फिरवून पाहिले, खाच नव्हती. मग त्याने 'ब्रीदर' काढला. हवा बाहेर सोडणारे त्याचे छिद्र वाळू-चिखलाने बुजले होते! तापलेली हवा आत कोंडून तेलाला सीलाबाहेर रेटत होती. छिद्र मोकळे झाले, नवे सील बसले आणि गळती थांबली.

वाचकहो, घरी अशी गाडी असेल, तर पुन्हा सील विकत घेण्यापूर्वी हे बिनखर्चाचे काम आधी करून पाहा.