खांब दोनदा का दिसतो?

वाशिमच्या पद्मतीर्थाच्या काठी उभे राहून चहूबाजूंचे, वरच्या आभाळाचे आणि पायांखालच्या जमिनीचे फोटो काढले आणि संगणकावर जोडले, तर पाहणाऱ्याला वाटेल तिकडे मान फिरवता येईल असे अखंड गोलाकार दृश्य फारशी खटपट न करता तयार होते. तोच कॅमेरा आणि तेच सॉफ्टवेअर घेऊन गावातल्या बालाजी मंदिरात खांबांजवळ उभे राहावे, तर एखादा खांब मधोमध तुटलेला निघतो, नाही तर एकाचे दोन होतात. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. माझ्या मते चूक त्याच्या कितीतरी आधी, कॅमेरा फिरवतानाच झालेली असते. नंतर ती झाकता येते, दुरुस्त करता येत नाही.

जोडणीचे काम मुळात ओळख पटवण्याचे आहे. शेजारच्या दोन फोटोंत साधारण पाव ते तिसरा हिस्सा सामाईक ठेवतात. त्या पट्ट्यात दगडाचा टवका, कोरीवकामाचा कोपरा, भिंतीवरचा डाग अशा ठळक खुणा संगणक शोधतो आणि त्यांच्या जोड्या लावतो. फोटो तिरका असो वा लहानमोठा, खूण ओळखू यावी यासाठीची ‘सिफ्ट’ ही पद्धत डेव्हिड लोव यांनी १९९९ मध्ये मांडली. सारख्या खांबांच्या रांगेत मात्र पहिल्या खांबाची खूण तिसऱ्याशी जुळण्याचा धोका असतो. तिथे १९८१ मध्ये फिशलर आणि बोल्स यांनी सुचवलेली ‘रॅन्सॅक’ पद्धत कामी येते. ती मोजक्या जोड्या उचलून एक अंदाज बांधते, बाकीच्या किती जोड्या त्याला दुजोरा देतात ते पाहते, आणि असे अनेकदा करून सर्वाधिक पाठिंब्याचा अंदाज ठेवते. मग प्रत्येक फोटो गोलावर कुठे बसतो ते ठरते. या साऱ्या गणिताचा पाया एकच आहे: कॅमेरा फक्त वळला, जागचा हलला नाही. नुसत्या वळण्याने वस्तू जवळ आहे की लांब, याने काही फरक पडत नाही. तो जरासाही सरकला की अंतर गणितात घुसते, आणि फोटोत तर अंतराची नोंदच नसते.

अंगठा डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. हाच पराशय. समजा, दोन फोटोंदरम्यान कॅमेरा ५ सेंटिमीटर बाजूला सरकला. १ मीटरवरचा खांब सुमारे २.९ अंशांनी सरकलेला दिसेल, १० मीटरवरची भिंत जेमतेम ०.३ अंशाने. पूर्ण गोलाचे चित्र ८००० बिंदू रुंद असेल तर एका अंशाला सुमारे २२ बिंदू येतात, म्हणजे खांब आणि भिंत यांच्यात ५७ बिंदूंची तफावत पडते. भिंत जुळवली तर खांब फाटतो, खांब जुळवला तर भिंत. उलट तळ्याकाठी सर्वांत जवळची वस्तू १५ मीटरवर आणि पलीकडचा काठ ६० मीटरवर धरला, तर तीच तफावत ३ बिंदूंवर येते. मंदिरातही सरकणे १ मिलिमीटरवर आणले तर ती साधारण एक बिंदूच उरते. म्हणून कॅमेरा स्वतःच्या बुडाभोवती नव्हे, तर लेन्सच्या आत जिथून प्रकाशकिरण शिरताना भासतात त्या बिंदूभोवती फिरवावा लागतो. तो शोधायला महागडे साधन लागत नाही. जवळ एक काठी उभी करायची, तिच्या मागे दूरचा विजेचा खांब धरायचा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर मागेपुढे सरकवत राहायचे. वळवूनही दोघे एकमेकांआडून हलत नाहीत, ती जागा बरोबर. मोबाइल हातभर लांब धरून स्वतःभोवती फिरणारा माणूस ही अट सेंटिमीटरने नव्हे, हाताच्या लांबीने मोडत असतो.

यावर कुणी म्हणेल, आता पाठीला पाठ लावलेल्या दोन लेन्सचे कॅमेरे एका क्षणात सारे टिपतात. टिपतात खरे, पण त्या दोन लेन्स एकाच बिंदूवर असू शकत नाहीत. तो फरक कॅमेऱ्याच्या कडेला जवळ आलेल्या वस्तूंवर उमटतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९८३ मध्ये बर्ट आणि एडल्सन यांनी दाखवलेल्या रीतीने ढोबळ छटा रुंद पट्ट्यात आणि बारकावे अरुंद पट्ट्यात मिसळले, तर शिवण डोळ्याला दिसत नाही. मग बिघडले कुठे? लग्नाच्या मांडवात काहीच बिघडत नाही. पण वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या घराण्याच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. तिथे खांब जवळ आहेत, चित्रे मागच्या भिंतींवर आहेत, आणि ती चित्रे झिजत चालली आहेत. अशा ठिकाणी शिवण बेमालूम लपवताना खांबाच्या कडेला लागून असलेला चित्राचा तुकडा गळला किंवा दुप्पट झाला, तर पन्नास वर्षांनी तुलना करणाऱ्याला तो बदल काळाने केला की संगणकाने, हे कळणार नाही. दिसणारी चूक निदान सावध करते, लपलेली तेही करत नाही. म्हणूनच जोडलेल्या चित्राबरोबर मूळ सुटे फोटोही जपून ठेवले पाहिजेत.

त्रिमितीय प्रतिकृती करून टाकली की गोलाकार दृश्य हवेच कशाला, असेही विचारता येईल. ते तंत्र वेगळ्याच गरजेवर चालते. तिथे कॅमेरा मुद्दाम जागा बदलत फिरवतात, कारण पराशयातूनच अंतरे काढायची असतात. एका जागी वळवलेल्या फोटोंतून प्रतिकृती उभी राहत नाही आणि चालत काढलेल्या फोटोंतून नेटका गोल शिवला जात नाही. दोन्ही हवे असतील तर दोनदा फोटो काढावे लागतात.

एका ठिकाणी मात्र नियम मोडावाच लागतो: पायांखाली. तिथे ट्रायपॉडच उभा असतो, त्यामुळे तो हलवून, कॅमेरा थोडा बाजूने धरून जमिनीचा फोटो घेतात. तरीही तो चपखल बसतो, कारण फरशी सपाट असते. सपाट पृष्ठभागावर पुढेमागे असे काही नसते, त्यामुळे कुठूनही घेतलेला त्याचा फोटो गणिताने हव्या त्या जागेवरून पाहिल्यासारखा ओढून घेता येतो. मात्र ट्रायपॉडशेजारी उंबरठा किंवा पायरी असेल तर हीही सवलत संपते, म्हणून कॅमेरा उभा करण्यापूर्वी आधी खालची फरशी पाहायची असते.