मुक्या जिवाचे दत्तविधान

वैशाखातील भर दुपारी बोदवडच्या बाजारातून एकदा चालून पाहा. ऊन रणरणत असते, रस्ता ओस पडलेला असतो आणि एखाद्या दुकानाच्या पायरीशी सावलीचा पट्टा धरून कुत्रा धापा टाकीत पडलेला असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, जलद श्वास घेऊनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. त्याला पाहून ‘ह्याला घरी न्यावे’ असे तुमच्या मनात येत असेल, तर ती इच्छा चांगलीच आहे. पण बालमित्रांनो, नुसत्या कळवळ्याने मुक्या जिवाचे कल्याण होते काय?

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. भूतदयेची शिकवण आपल्याला नवी नाही. तिला व्यवस्थेची जोड मिळाली म्हणजे काय घडते, ते मुंबईच्या इतिहासात दिसते. इ. स. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने तेथे मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने मारेकरी लोकांच्या आवारातही शिरू लागले. तेव्हा संतापलेल्या पारशी व इतर नागरिकांनी हरताळ पाळला, दंगाही झाला. पण संताप चार दिवसांत ओसरतो. म्हणून १८३४ साली जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद आदी धनिकांनी निराधार जनावरांसाठी पांजरपोळ स्थापन केली. ती संस्था आजही भुलेश्वर भागात उभी आहे.

आज अनेक शहरांत प्राण्यांची आश्रयगृहे आहेत. तेथे टाकून दिलेली, अपघातात सापडलेली कुत्री सांभाळली जातात. अशा कुत्र्याला कायमचे घर देणे म्हणजे त्याला दत्तक घेणे होय. तो विकत आणलेला नसतो. त्याच्या बदल्यात आपण द्यायचे असते ते फक्त वचन. कुत्रा साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे जगतो. आज तुम्ही सहावीत असाल, तर तुमचे महाविद्यालयीन शिक्षण संपेपर्यंत तो तुमची वाट पाहत दाराशी बसेल. म्हणून आधी घरातील सर्व वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी. परीक्षेच्या दिवसांत त्याला पाणी कोण देईल, गावाला गेल्यावर त्याला कोण सांभाळील, हेही ठरवावे.

नवा कुत्रा घरी आला, की प्रथम तो भेदरलेला असतो. शेपूट पायांत घालणे, कान मागे पाडणे, कोपऱ्यात दडणे ही भीतीची चिन्हे होत. अशा वेळी त्याला उचलू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. जवळच शांत बसावे. तो आपण होऊन येईल आणि वास घेऊन तुमची ओळख करून घेईल. तो जेवत किंवा झोपलेला असताना त्याला छेडू नये. कांदा, मनुका व चॉकलेट त्याला विषासमान असतात. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सावलीत पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे.

पशुवैद्याकडून त्याला रेबीजची लस वेळोवेळी टोचून घ्यावी. नको असलेली पिले पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत, म्हणून त्याची नसबंदीही करावी. रस्त्यावरील एखाद्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच दिसली, तर ती बहुधा नसबंदीची खूण असते. आणि कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर रागावण्याच्या भीतीने ते लपवू नका. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, मोठ्यांना सांगा आणि तत्काळ दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो. वेळीच उपचार घेतल्यास मात्र तो रोग टळतो.

प्रत्येकालाच कुत्रा घरी आणता येईल असे नाही. ज्याला ते शक्य नाही, त्याने दारातील सावलीत पाण्याचे भांडे ठेवावे आणि ते रोज घासून भरावे. एक दिवस दया करणे सोपे असते. तीच दया रोज न चुकता करणे, हेच खरे दत्तविधान होय.