तिसरी खुरपणी का परवडत नाही?

दोस्ता, एक कोडं घालू?

जळकोटच्या शिवारात पाऊस पडला की सोयाबीन उगवतं. आणि त्याच्या जोडीला, न बोलावता, तणही! मग खुरपणीला बाया लावायच्या. एका खुरपणीनं पीक सुधारतं. दुसरीनं आणखी सुधारतं. मग दहा खुरपण्या केल्या तर? सोयाबीनचा डोंगर लागेल?

छे!

चल, हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरतेच हं! रान एक एकर. एका खुरपणीची मजुरी 2,000 रुपये. पहिल्या खुरपणीनं सोयाबीन वाढलं 2 क्विंटल. दुसरीनं आणखी 50 किलो. आणि तिसरीनं? फक्त 10 किलो! बाया तेवढ्याच, ऊन तेवढंच, मजुरीही तेवढीच!

आता खरी गंमत. पहिल्या खुरपणीनं वाढलेलं सोयाबीन क्विंटलला 1,000 रुपयांत पडलं. दुसरीचं 4,000 ला. तिसरीचं? ओळख बघू!

20,000 रुपये क्विंटल! दाणा तोच, पोतं तेच, आणि खर्च वीसपट!

2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे दुसरी खुरपणी कशीबशी परवडली. तिसरी मात्र घरातून पैसे घालून करायची! म्हणून शेतकरी दुसरीनंतर हात आखडता घेतो. ‘एवढं बास’ म्हणतो ना, त्यामागे हे अख्खं गणित असतं. तेही वहीशिवाय, बांधावर उभ्या उभ्या!

पण असं होतं तरी का?

घरात भाकरी करताना बघ. तवा एकच. आई एकटी असली की पीठ मळायचं, थापायचं, भाजायचं, सगळं तिलाच. ताई मदतीला आली की भाकऱ्या भराभर होतात. मग काकू आली, थोड्या आणखी वाढल्या. मग तू गेलास किंवा गेलीस, की नुसती कोपराला कोपरं! माणसं वाढली, तवा कुठे वाढला?

रानाचंही तसंच. बाया वाढवता येतात. एकर मात्र एकच राहतो.

आणि सोयाबीनची एक युक्ती ऐक! त्याच्या दोन ओळींत साधारण 45 सेंटीमीटर जागा असते, म्हणजे जेमतेम दोन विती. पहिला महिना-दीड महिना तण जोरात असतं. मग पानं पसरतात, ओळीला ओळ भिडते, खाली गर्द सावली! तणाला ऊनच मिळत नाही. खुरपायला उरतं काय?

मोठेपणी पुस्तकात तुला याचं भारदस्त नाव भेटेल, ‘घटत्या फलाचा नियम’. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये तुर्गो नावाच्या गृहस्थांनी तो मांडला. तोही शेती बघूनच!

युरियाचंही असंच. पेरताना थोडं खत ठीक. पण पोत्यांवर पोती ओतून सोयाबीन फारसं वाढत नाही. कारण त्याच्या मुळांवरच खताचा कारखाना असतो! गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. वरून युरिया फार पडला, तर हा कारखाना चक्क मंदावतो!

बघायचाय? ऑगस्टमध्ये घरच्यांना विचारून एक झाड अलगद उपट. मुळावरची गाठ नखानं फोड. आतून गुलाबी निघाली, तर कारखाना जोरात चालू आहे!