तू पाण्यात, मी तुला पाण्यात पाहतेय!

निळंशार पाणी, पांढरी वाळू, दोघांसाठी एक झोपाळा... डायव्ह रिसॉर्टचे फोटो बघितले की कधी एकदा बॅग भरतोय असं होतं. पण थांबा! तुमच्यापैकी एकालाच डायव्हिंगचं वेड असेल तर बुकिंगआधी हे वाचाच. नाहीतर स्पेशल ट्रिपचं स्पेशल भांडण व्हायला वेळ लागत नाही. स्वानुभव आहे, राव!

लग्नाचा पहिला वाढदिवस. नवरोबा सर्टिफाइड डायव्हर. आणि मी? शाळेच्या सहलीत गुडघाभर पाण्यात उभं राहूनही मैत्रिणीचा हात न सोडणारी. थायलंडच्या एका बेटावरचं ‘डायव्ह रिसॉर्ट’ आम्ही दोघांनी मिळूनच निवडलं. फोटो सॉलिड होते, ऑफरही झक्कास होती. ‘तू डायव्हिंग कर, मी मस्त आराम करीन,’ असं मीच मोठ्या मनाने म्हणाले होते.

प्रत्यक्षात काय झालं? सकाळी साडेसहाला डायव्हिंगची बोट निघायची. प्रवाळाची चांगली जागा तिथून बरीच लांब. दोन डायव्ह, मधली विश्रांती, जेवण आणि परतीचा प्रवास धरून साहेब उगवायचे दुपारी अडीच-तीनला. आल्यावर आंघोळ आणि डुलकी. रात्री आठला डोळे मिटलेले, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा! मी मात्र एकाच कादंबरीचं एकच पान वाचत पपई खात बसलेली. समोरचं पाणी इतकं उथळ की त्यात वाळूशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी स्फोट झाला. ‘मला बरोबर आणलंयस की सामान सांभाळायला?’

‘अगं, पण तूच म्हणालीस ना, तू कर म्हणून!’

म्हटलं तर दोघांचंही बरोबर होतं. रिसॉर्टनेही काही फसवलं नव्हतं. डायव्ह रिसॉर्ट म्हणाले होते, डायव्ह रिसॉर्टच दिलं. चूक झाली ती आमच्या प्रश्नांत. ‘तिथे डायव्हिंग कसं आहे?’ हे आम्ही दहा वेळा विचारलं. ‘डायव्हिंग न करणाऱ्याचा दिवस तिथे कसा जातो?’ हे एकदाही नाही. आता कोणीही सल्ला मागितला की माझा एकच फंडा असतो. कपलसाठी डायव्ह रिसॉर्ट निवडायचं ते डायव्हरच्या नाही, काठावर राहणाऱ्याच्या नजरेने!

आधी घरचा अभ्यास, म्हणजे तारकर्ली

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. लाखभर रुपये घालण्याआधी मला पाणी झेपतं का, हे तरी बघूया म्हणून एका लाँग वीकएंडला थेट तारकर्ली गाठली. एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था इथेच आहे आणि मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नवख्यांना उथळ पाण्यात नेणारेही बरेच आहेत. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, त्यामुळे दिवाळीनंतरचा बेत उत्तम.

पोहता येत नसलं तरी हा पहिला प्रयत्न करता येतो, कारण प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. मला नेणारे दादा म्हणाले, ‘ताई, तुम्ही फक्त श्वास घ्या, बाकीचं माझ्यावर सोडा.’ पहिली दोन मिनिटं मी त्यांचं मनगट पिळून काढलं. कान दुखायला लागले. नाक चिमटीत धरून हलकेच जोर लावायचा, की कान मोकळे होतात, हे वर शिकवलेलं खाली आठवलं. मग अचानक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे नाकासमोरून गेले आणि मी पाण्यातच हसले. (पाण्यात हसू नका. मास्कमध्ये पाणी शिरतं.)

आता इथे तुम्हाला वाटेल, की मग मीही कोर्स केला आणि आम्ही हातात हात घालून समुद्राच्या तळाशी... छे! बाहेर आल्यावर मी सरळ सांगून टाकलं, ‘मासे आवडले, पण डोक्यावर इतकं पाणी नाही आवडलं. मला हे वरूनच बघायचंय.’ आमच्या ट्रिपच्या प्लॅनिंगमधलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच ठरलं. कारण आता काय शोधायचं, ते आम्हाला माहीत होतं.

निळ्या रंगाची भाषा

आम्हाला हवा होता ‘हाउस रीफ’. म्हणजे रिसॉर्टच्या किनाऱ्यालगतचा, पोहत किंवा तरंगत जाता येईल इतका जवळचा प्रवाळाचा पट्टा. असा रीफ असला की बोट नको, साडेसहाचा गजर नको. डायव्हर खाली जातो, दुसरा लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करत वर तरंगतो आणि तासाभरात दोघं एकाच टेबलावर नाश्त्याला!

गंमत म्हणजे फोटोत सर्वांत सुंदर दिसणाऱ्या बेटांकडे बरेचदा हाच रीफ जवळ नसतो. तो फिकट फिरोजी रंग असतो उथळ पाण्याचा आणि खालच्या पांढऱ्या वाळूचा. असं पाणी डुंबायला बेस्ट, पण मासे बघायचे तर रीफची कड लागते. ही कड ओळखायची कशी? इंटरनेटवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि बेट शोधा. फिकट निळा रंग जिथे एकदम गडद होतो, ती रीफची कड. ती किनाऱ्यापासून किती लांब आहे, ते नकाशावरच मोजा. पन्नास मीटर असेल तर बहार. अर्धा किलोमीटर असेल तर समजा, इथेही बोट आलीच. ब्रोशर काहीही म्हणो, सॅटेलाइट खोटं बोलत नाही.

मालदीव की अंदमान?

मुंबईहून विमानाने साधारण तीन तासांवर असलेलं मालदीव हाउस रीफसाठी खास. बऱ्याच रिसॉर्टचं अख्खं बेट असतं आणि काही ठिकाणी रीफ खोलीच्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर व्हिसा फुकट मिळतो. ‘इमुगा’ नावाचं ऑनलाइन डिक्लरेशन मात्र प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरावं लागतं.

इथे डायव्हिंग न करणाऱ्याचीही चैन आहे. बा अटॉलमधला हनिफारू बे मांटा रे माशांसाठी जगप्रसिद्ध. युनेस्कोने २०११ मध्ये बा अटॉलला बायोस्फिअर रिझर्व्हचा दर्जा दिला. या हनिफारूत स्कूबाला चक्क बंदी आहे, फक्त स्नॉर्कलिंग! म्हणजे तुमचा डायव्हर कितीही एक्स्पर्ट असो, इथे तो तुमच्याच शेजारी तरंगणार. दक्षिण अरी अटॉलमध्ये व्हेल शार्क वर्षभर दिसू शकतात, तेही पृष्ठभागाजवळ.

फक्त महिना बघून घ्या. डिसेंबर ते एप्रिल कोरडे, शांत दिवस. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे, पाऊस आणि जरा कमी दर. आणि मांटांचा हनिफारूतला सीझन नेमका साधारण जून ते नोव्हेंबर. तेव्हा ऊन हवं की मांटा, याचा निकाल आधी घरी लावा.

खिशाचंही बघायला हवं. मोठ्या अक्षरातला दर हा शेवटचा दर नसतो. पुढे ‘प्लस प्लस’ दिसलं की सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स वेगळे. पर्यटनावरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी, प्रत्येक रात्रीला १२ डॉलर ग्रीन टॅक्स. दोघं, चार रात्री म्हणजे ९६ डॉलर नुसते इथेच. वर मालेहून रिसॉर्टपर्यंतची स्पीडबोट किंवा सी-प्लेन. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. संध्याकाळी उशिरा माले गाठलंत, तर एक रात्र तिथेच जाते.

बजेट टाइट आहे? स्थानिक लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस आहेत, बरीच स्वस्त. पन्नासपेक्षा कमी खोल्या असतील तर ग्रीन टॅक्सही निम्मा. पण तिथे मद्यबंदी असते आणि पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या बीचवरच चालतात.

पासपोर्टची भानगडच नको असेल तर आपलं अंदमान आहेच. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम, तेव्हा तिकीट काढताना गोंधळू नका. नवख्यांसाठी इथला नीमो रीफ किनाऱ्यालगतच आहे, तर मुरलेले डायव्हर बोटीने जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकलला जातात. काठावरच्यासाठी राधानगर बीच आहे. ‘टाइम’ने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं आणि तिथला सूर्यास्त आजही फुकट आहे! मात्र विमानानंतर फेरीचा प्रवास आहे, त्यामुळे जाता-येताचे दोन दिवस खर्ची धराच. चार दिवसांच्या सुट्टीत अंदमान म्हणजे धावपळ. सात दिवस असतील तर मालदीवपेक्षा इथे जास्त काही करता येतं.

सुट्टी डायव्हिंगची की परीक्षेची?

दोघांनाही कोर्स करायचाय? मस्तच! पण पहिला ‘ओपन वॉटर’ कोर्स (१८ मीटर खोलीपर्यंतचा) साधारण तीन-चार दिवस खातो. त्यात थिअरी आणि परीक्षाही आली, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणंही आलं. हनिमूनला कोण अभ्यास करणार? थिअरी आणि पूलचा भाग आधी मुंबई-पुण्यात उरकून समुद्रातले चार डायव्ह तेवढे तिकडे करता येतात. यालाच ‘रेफरल’ म्हणतात. सुट्टीचे दोन दिवस वाचतात.

मेडिकल फॉर्म मात्र खरा भरा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात डायव्हिंग अजिबात नाही, नुसती शंका असली तरी नाही. ‘इतके पैसे भरलेत’ म्हणून लपवाछपवी केलीत, तर ती जिवावर बेतू शकते. आणि अनेक डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात. म्हणजे शेवटचा दिवस आपोआप दोघांचा!

रीफ जिवंत आहे ना?

हा प्रश्न विचारायला लाजू नका. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. २०१६ मध्ये मालदीवने याचा जबर फटका खाल्ला आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा केली. म्हणून रिसॉर्टच्या अल्बममधले नाही, तर या सीझनचे रीफचे फोटो मागा. आणि आपणही प्रवाळावर पाय देऊ नका, माशांना पाव घालू नका. सनस्क्रीनचे थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट घाला. टॅन वाचतो, प्रवाळही वाचतो.

बुकिंगआधी हे विचाराच!

- हाउस रीफ आहे का? किनाऱ्यापासून किती मीटर?
- डायव्हिंगची बोट किती वाजता निघते, किती वाजता परत येते?
- स्नॉर्कलर त्याच बोटीवर येऊ शकतो का? त्याच्यासाठी वेगळा गाइड मिळतो का?
- टॅक्स आणि ट्रान्सफर धरून दोघांचे एकूण किती?
- आमच्या इन्शुरन्समध्ये स्कूबा धरलेलं आहे का? (हा प्रश्न इन्शुरन्सवाल्याला!)
- डायव्हिंग रद्द झालं, तर त्या दिवशी बेटावर काय करता येईल?

शेवटी आम्ही मालदीवचं एक छोटं, हाउस रीफवालं बेट निवडलं. करार ठरला होता, दिवसाला एकच डायव्ह, नाश्त्याआधी. पहिल्या सकाळी तो डायव्ह गाइडबरोबर खाली गेला आणि मी दुसऱ्या गाइडच्या रिंगला घट्ट धरून वर तरंगत राहिले. खाली बघते तर काय, कडेच्या गडद निळ्यात एक ओळखीचा पिवळा फिन! त्याच्या श्वासाचे बुडबुडे चंदेरी चकत्यांसारखे वर येत माझ्या पोटाला गुदगुल्या करत होते. त्याने मान वर करून हात हलवला. मीही हलवला. (रिंग एका हाताने सोडून, हे विशेष.)

पहिल्या ट्रिपला मी नवऱ्याला पाण्यात पाहत होते. हल्लीही पाहते. फक्त आता मास्क लावून!